पांच मोडक्या वाद्यांचें एक वाद्य

संगीताच्या इतिहासांत गाणाराचें नांव राहतें, रचना करणाराचें राहतें, क्वचित् वाद्य घडविणाराचेंही राहतें. परंतु खालचा स्वर धरून ठेवणाराचें नांव फारसें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. मैफलीच्या वृत्तांतांत मागें बसून तंबोरा छेडणाऱ्या शिष्याचा उल्लेख किती वेळां येतो, हें वाचकांनींच आठवून पाहावें. इंग्लंड-अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रॉक या नांवाचें जें दणदणीत संगीत फोफावलें, त्यांतही खर्ज सांभाळणाराची अवस्था याहून फारशी निराळी नव्हती. गाणारा पुढें, गिटार वाजविणारा त्याच्या शेजारीं, ढोल बडविणारा मागें उंच चौथऱ्यावर. आणि बेस गिटार घेतलेला गृहस्थ कोठें तरी एका कडेला. अशाच एका कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाची आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या वाद्यांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. जॉन एन्ट्विसल हें त्याचें नांव. 'द हू' या इंग्रजी ताफ्याचा तो बेसवादक. हा विषय या पृष्ठांवर अस्थानीं आहे असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. पण जुन्या वस्तूचें मोल कशावर ठरावें, हा प्रश्न ज्यांना नाण्यांच्या, पोथ्यांच्या किंवा मूर्तींच्या बाबतींत कधीं पडला असेल, त्यांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर यावें.

प्रथम वाद्याविषयीं. बेस गिटार वयानें लहान आहे. तिच्यापूर्वीं खालच्या स्वरांचें काम डबल बेस करी. हें माणसाहून उंच असें थोराड व्हायोलिन उभ्यानें वाजवावें लागे, गाडींत मावत नसे, आणि ढोल व कर्णे जोरांत सुरू झाले म्हणजे त्याचा आवाज वादकाला स्वतःलाही ऐकूं येत नसे. विजेवर चालणारी आडवी बेस गिटार करण्याचा प्रयत्न 1930 नंतरच्या दशकांत सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क यानें केला होता; पण तो रुजला नाहीं. रुजला तो लिओ फेंडर याचा. हा कॅलिफोर्नियांतील रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. 1951 सालीं त्यानें 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली. चार तारा, साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खालीं लावलेल्या. सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें 41. डबल बेसच्या मानेवर पडदे नसतात, त्यामुळें बोट केसभर सरकलें तरी स्वर ढळतो. या नव्या वाद्यावर सतारीप्रमाणें धातूचे पडदे होते, स्वर जागच्या जागीं पडे. म्हणून 'प्रिसिजन', म्हणजे बिनचूक, हें नांव.

तथापि फेंडरच्या वाद्यांतली खरी नवलाची गोष्ट पडद्यांत नव्हती, स्क्रूंत होती. व्हायोलिन किंवा सतार करणारा कारागीर मान आणि धड एकजीव करतो, सरसानें सांधतो, आणि त्या सांध्यावर आपली प्रतिष्ठा टांगतो. फेंडरनें भरीव लांकडाची एक फळी कापली, तिला मॅपलची मान चार स्क्रूंनीं आवळली, आंत चुंबकाभोवतीं बारीक तार गुंडाळून केलेला ध्वनिग्राहक बसविला, आणि झालें वाद्य. मान बिघडली तर दुसरी लावावी. ध्वनिग्राहक जळला तर नवा झाळावा. जुन्या पठडींतल्या वाद्यकारांना हें सुतारकाम वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु पुढें जें घडलें तें या चार स्क्रूंमुळेंच घडूं शकलें.

एन्ट्विसलचा जन्म 9 ऑक्टोबर 1944 रोजीं पश्चिम लंडनमध्यें झाला. बाप ट्रंपेट वाजवी, आई पियानो. पोराला सातव्या वर्षीं पियानोला बसविलें; पुढें तो ट्रंपेट आणि फ्रेंच हॉर्न शिकला व मिडलसेक्समधील शाळांच्या वाद्यवृंदांत वाजवूंही लागला. स्वरलिपि वाचतां येणारा आणि शिस्तीनें शिकलेला असा त्या ताफ्यांतला तोच काय तो एक. अ‍ॅक्टनच्या शाळेंत पीट टाउनशेंड त्याचा सोबती होता. दोघांनीं मिळून प्रथम जॅझ वाजविलें, जॉन ट्रंपेटवर आणि पीट बँजोवर. पुढें ड्वेन एडी या अमेरिकन वादकाच्या गिटारींतले खालचे, घुमणारे स्वर त्याच्या कानांत बसले. शिवाय त्याचीं बोटें मोठीं होतीं. गिटारीच्या बारीक तारांवर तीं अडखळत. विकत घेण्याजोगी बेस गिटार परवडण्यासारखी नव्हती, तेव्हां त्यानें घरींच एक ठोकून तयार केली. ती घेऊन तो रस्त्यानें चालला असतां रॉजर डॉल्ट्री नांवाच्या, पत्र्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलानें त्याला हटकलें आणि आपल्या ताफ्यांत ओढलें, अशी गोष्ट सांगतात. पाठोपाठ टाउनशेंड आला. 1964 सालीं कीथ मून ढोल वाजवावयास आला, आणि चौघे 'द हू' झाले. तोंपर्यंत एन्ट्विसल दिवसा कर-खात्याच्या कचेरींत कारकुनी करीत असे. ही कारकुनी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

या ताफ्याचा लौकिक झाला तो मोडतोडीबद्दल. 1964 सालीं हॅरो येथील रेल्वे हॉटेलच्या ठेंगण्या छताला टाउनशेंडची गिटार आदळून तिचा माथा मोडला. लोक हंसले असावेत, किंवा त्यांनीं हंसावयास हवें होतें असें त्याला वाटलें असावें. त्यानें संतापून उरलेल्या गिटारीचेही तुकडे केले. पुढच्या वेळीं लोक मोडतोड पाहावयासच आले. टाउनशेंड चित्रकलेच्या शाळेंत शिकलेला. तेथें गुस्ताव मेट्झगर या कलावंताचें 'स्वतःचा नाश करणाऱ्या कले'संबंधींचें विवेचन त्यानें ऐकलें होतें. त्यामुळें या प्रकाराला तत्त्वज्ञानाचा आधारही मिळाला. आमचें मत विचाराल तर तत्त्वज्ञान मागाहून आलें, छत आधीं आलें. सप्टेंबर 1967 मध्यें अमेरिकेंतील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमांत मूननें आपल्या ढोलांत इतकी दारू ठांसली कीं, स्फोटाच्या धुरांत टाउनशेंड दिसेनासा झाला. त्या गोंधळांत एन्ट्विसल आपल्या जागीं उभाच होता. एरवींही तो तसाच उभा राही. अंगाची हालचाल नाहीं, चेहऱ्यावर भाव नाहीं. हालत तीं फक्त बोटें. सोबत्यांनीं त्याला 'बैल' म्हणावें यांत तुच्छता नव्हती. औत ओढणाऱ्यास म्हणतात तसें तें होतें.

बोटें मात्र विलक्षण. उजव्या हाताच्या बोटांनीं तारा नुसत्या छेडण्याऐवजीं तो त्यांवर आघात करी. तारा पडद्यांवर आपटत आणि टंकलेखनयंत्र चालावें तसा कडकडाट होई. बेसचें काम मागें राहून आधार देण्याचें, ही समजूत त्यानें मोडली. 1965 च्या ऑक्टोबरांत निघालेल्या 'माय जनरेशन' या ध्वनिमुद्रिकेंत गिटारीऐवजीं बेसला एकटीला वाजूं दिलें आहे. रॉक संगीतांतील अशा पहिल्या जागांपैकीं ती एक. तिची त्यानें स्वतः सांगितलेली हकीकत मजेदार आहे. त्याला हवा असलेला झणझणीत आवाज डॅनइलेक्ट्रो या स्वस्त अमेरिकन बेसच्या बारीक तारांतून निघे. पण तारा तुटत, आणि सुट्या तारा लंडनांत मिळत ना; म्हणून तार तुटली कीं नवी बेस विकत घ्यावी. असें करतां करतां दुकानांतल्या डॅनइलेक्ट्रो संपल्या, आणि अखेर मुद्रण फेंडरच्या 'जॅझ बेस'वर झालें.

तारेपायीं वाद्य विकत घेणाऱ्या माणसाला तारेचाच शोध लागावा हें ओघानेंच आलें. त्या काळीं बेसच्या तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असे. बोट घसरे छान, पण स्वर मंद आणि गोलसर येई. 1966 सालीं एन्ट्विसल रोटोसाउंड या इंग्रजी तारा करणाऱ्या कंपनीचे जेम्स हाउ यांच्याकडे गेला, आणि दोघांनीं चपट्या पट्टीऐवजीं गोल पोलादी तार गुंडाळून नवी तार सिद्ध केली. तिचा स्वर पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा स्वच्छ आणि दीर्घकाल टिकणारा. आज जगांत कोठेंही बेसचा खणखणीत, धातूचा आवाज ऐकूं येतो, त्याच्या मुळाशीं बव्हंशीं हा गोल वेढा आहे. एन्ट्विसलच्या एकंदर कर्तृत्वांत आम्ही यालाच अग्रस्थान देऊं. लोक वाद्य फोडणाऱ्याला ओळखतात. तारेचा वेढा बदलणाऱ्याला कोण ओळखणार?

आवाजाच्या वेडाची बाजू इतकी गोड नाहीं. मूनच्या ढोलांपुढें ऐकूं यावें म्हणून एन्ट्विसलनें जिम मार्शल यांच्या दुकानांतून मोठे ध्वनिवर्धक घेतले. तो ऐकूं येऊं लागला म्हणून टाउनशेंडनें त्याहून मोठे मागितले. आणि ही चढाओढ थांबली नाहीं. 31 मे 1976 रोजीं लंडनमधील चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर 32 मीटर अंतरावरून त्यांचा आवाज 126 डेसिबल मोजला गेला, आणि गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. कानाला इजा करणारी ही स्पर्धा म्हणून तो विभागच पुढें त्या पुस्तकांतून काढून टाकण्यांत आला. उत्तरायुष्यांत एन्ट्विसलला कमी ऐकूं येत असे. खर्जाची जागा सगळ्यांना ऐकूं यावी म्हणून धडपडणाऱ्याला ती स्वतःला ऐकूं येईनाशी व्हावी, हा व्यवहार आमच्या मतें फार महाग पडला.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. 1967 सालापर्यंत एन्ट्विसलपाशीं निकामी झालेल्या फेंडर बेसचे अवशेष सांठले होते. अशीं पांच प्रेतें एकत्र करून, कोणाचें धड, कोणाची मान, कोणाचा ध्वनिग्राहक असें निवडून, त्यानें एक वाद्य उभें केलें. त्याच्याच सांगण्याप्रमाणें हत्यारें दोनच होतीं: एक स्क्रू पिळण्याचें आणि एक झाळण्याचें. जागा हॉटेलांतली खोली, वेळ दोन तास. वाद्य बोलूं लागलें तेव्हां चित्रपटांतल्या शास्त्रज्ञाप्रमाणें तो आनंदानें ओरडत खोलीभर नाचला म्हणे. नांव अर्थातच 'फ्रँकेन्स्टाइन'. मेरी शेलीच्या 1818 मधील कादंबरींत हें नांव राक्षसाचें नसून तो घडविणाराचें आहे, ही गोष्ट आम्हां अध्यापकांस दर वर्षीं वर्गांत सांगावी लागते; पण येथें घडविणारा आणि घडविलेलें इतके एकमेकांत मिसळले होते कीं, ती चूक दुरुस्त करण्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं.

हें ठिगळाचें वाद्य पुढें तीनचार वर्षें रंगमंचावर त्याच्या गळ्यांत होतें. 14 फेब्रुवारी 1970 रोजीं लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहांत झालेल्या कार्यक्रमाचें मुद्रण 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' या नांवानें प्रसिद्ध आहे; ज्यांना या ताफ्याचें एकच कांहीं ऐकावयाचें असेल त्यांनीं तें ऐकावें. त्यांत गिटार एकच आहे, आणि टाउनशेंड जेथें जेथें थांबतो तेथें पोकळी पडत नाहीं, याचें कारण तें पांच प्रेतांचें वाद्य. तेथें खर्ज हा पाया राहत नाहीं; घराच्या भिंतीही तोच होतो.

यानंतर सत्तरीचें दशक आलें आणि पैसाही आला. एन्ट्विसल गिब्सन कंपनीच्या 'थंडरबर्ड' बेसकडे वळला. हिची आकृति रे डीट्रिक या मोटारी रेखणाऱ्यानें 1963 सालीं आंखलेली. दिसावयास देखणी, आवाजानें भरदार. पण तिची मान धडांतून आरपार गेलेली, म्हणजे फेंडरच्या नेमकी उलट जात. मान मोडली कीं वाद्य संपलें. त्यांतून गिब्सननें 1969 सालीं ती करणें बंद केलें. मग एन्ट्विसलनें लंडनमधील पीटर कुक या कारागिराकडून गिब्सनच्याच 'एक्स्प्लोरर' गिटारीच्या कोनाकृति धडावर थंडरबर्डचे अवयव चढवून नवीं वाद्यें करून घेतलीं. त्यांना नांव दिलें 'एक्स्प्लोररबर्ड'. म्हणजे हॉटेलच्या खोलींतलीच युक्ति, फक्त आतां कारागिराच्या हातून. 'क्वाड्रोफेनिया'च्या (1973) काळांतला त्याचा आवाज थंडरबर्डचा. त्याच संग्रहांतलीं हॉर्न-ट्रंपेट इत्यादि सर्व फुंकवाद्येंही त्यानें स्वतः एकट्यानें वाजविलीं. लहानपणींची शिस्त वायां गेली नव्हती. दशकाच्या उत्तरार्धांत कॅलिफोर्नियांतील अलेम्बिकचीं महागडीं वाद्यें आलीं, आणि 1985 च्या सुमारास त्याच्या कल्पनेप्रमाणें वॉरविकनें घडविलेली, गिधाडाच्या आकृतीची 'बझर्ड'.

याच काळांत तो संग्राहक झाला. ग्लॉस्टरशायरमधील स्टो-ऑन-द-वोल्डजवळ क्वारवुड नांवाचा मोठा वाडा त्यानें घेतला, आणि तेथें गिटारी, बेस, चिलखतें, सांगाडे यांची दाटी झाली. जुन्या विजेच्या गिटारींना तेव्हां नुकताच भाव येऊं लागला होता. त्याचें कारण सांगण्यासारखें आहे. फेंडरनें आपला कारखाना जानेवारी 1965 मध्यें सी.बी.एस. या ध्वनिक्षेपण कंपनीस एक कोटि तीस लक्ष डॉलरांना विकला. नवे मालक काटकसर करूं लागले, माल उतरला, आणि वादक म्हणूं लागले कीं, जुनें तें खरें. गिब्सनची एक्स्प्लोरर 1958 सालीं निघाली तेव्हां तिला कोणी विचारीत नव्हतें. थोड्याशाच घडविल्या गेल्या आणि कंपनीनें हात आंखडता घेतला. याच नाकारलेल्या वाद्यासाठीं पुढें संग्राहक झुंबर विकूं लागले.

आतां या बाजाराची रीत पाहा. जुन्या बेसचा पारखी प्रथम तिची मान उघडून टोकावरची पेन्सिलीची तारीख वाचतो. मग आंतले झाळलेले सांधे पाहतो. कोणी पुन्हा झाळले असल्यास कपाळाला आठी पडते. मूळचा रंग खरवडून नवा दिला असेल तर किंमत निम्म्यावर उतरते. स्क्रू मूळचे हवेत, खुंट्या मूळच्या हव्यात, पेटी मूळची असल्यास सोन्याहून पिवळें. सारांश, ज्या वाद्याला कोणाचा हात लागला नाहीं तें उत्तम. ऐतिहासिक कागदाच्या बाबतींत ही कसोटी योग्य आहे. कागदावर मागाहून कोणी लिहिलें तर तो खोटा ठरतो. पण वाद्य हा कागद नव्हे. तीस वर्षें पेटींत झोपलेली बेस शुद्ध असेल, तिचा इतिहास मात्र कोरा असतो. याच कसोटीला फ्रँकेन्स्टाइन लावून पाहिलें तर त्याच्याइतकें भ्रष्ट वाद्य शोधूनही सांपडणार नाहीं: त्याचा एकही अवयव दुसऱ्याबरोबर जन्मलेला नाहीं.

एन्ट्विसल स्वतः या वादांत कोणत्या बाजूचा होता हें सांगणें कठीण. एका हातानें तो अस्पर्श वाद्यें जमवीत होता आणि दुसऱ्या हातानें जोडकाम करवीत होता. संग्रहाचा नाद, मग तो नाण्यांचा असो कीं गिटारींचा, मिळकतीच्या प्रमाणांत राहत नाहीं. 1978 सालीं मून वारला. 1982 मध्यें ताफ्यानें निरोपाचा दौरा काढला. पुढचे दौरे अधूनमधून निघत. त्यांपैकीं कांहीं तरी एन्ट्विसलची पैशाची अडचण निवारावी म्हणून पत्करले, असें त्याच्या सोबत्यांनींच सांगितलें आहे. वाडा भरत होता आणि तो भरणाऱ्याला त्या वाड्यासाठींच पुन्हा रस्त्यावर निघावें लागत होतें.

अशाच एका दौऱ्याच्या आदल्या दिवशीं, 27 जून 2002 रोजीं, लास व्हेगास येथील हॉटेलांत तो मृतावस्थेंत आढळला. वय 57. हृदयविकार होताच, कोकेननें त्यास हातभार लावला असें तेथील अधिकाऱ्यांनीं ठरविलें. हा शेवट झांकून ठेवण्यांत आम्हांस अर्थ वाटत नाहीं, आणि त्याचें कौतुक करणाऱ्यांशीं तर आमचें मुळींच जमत नाहीं. दौरा मोडला नाहीं. चौथ्या दिवशीं, 1 जुलै रोजीं, हॉलिवुड बोल येथें पिनो पॅलाडिनो हा वादक त्याच्या जागीं उभा राहिला आणि कार्यक्रम झाला.

इंग्लंडांत त्या वर्षीं अडीच लक्ष पौंडांवरील वारशावर शेंकडा 40 कर होता. मे 2003 मध्यें लंडनला सदबीच्या लिलावांत एन्ट्विसलचा वाद्यसंग्रह विक्रीस निघाला, तो या कराची तरतूद व्हावी म्हणून. एके काळीं जो स्वतः कर-खात्याच्या कचेरींत आंकडे मांडीत बसे, त्याच्या मागें त्याच खात्याच्या देण्यासाठीं त्याचीं वाद्यें एकेक करून हातोड्याखालीं गेलीं. रंगमंचावर टाउनशेंडनें जें केलें नसतें तें लिलावानें केलें. संग्रह फुटला आणि देशोदेशीं पांगला.

पारखी लोक त्या दिवशीं शुद्ध वाद्यांसाठीं आले होते, आणि तीं चांगल्या भावानें गेलींही. परंतु ज्याची मान एका बेसची आणि धड दुसऱ्या बेसचें होतें, जें कोणत्याही कारखान्यानें आपलें म्हणून सांगितलें नसतें, त्या फ्रँकेन्स्टाइनची बोली चढत चढत साठ हजार पौंडांच्या वर गेली. दुसऱ्या वर्षीं, 2004 सालीं, एन्ट्विसलनें आपल्या संग्रहावर तयार केलेलें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांतल्या चित्रांपैकीं बहुतेक वाद्यें तोंपर्यंत परक्यांच्या घरीं पोंचलीं होतीं.